पुलाच्या चढावर दोन व्याही

किल्लीवाल्यांना साठी उलटल्यावर पळायचं वेड लावलं ते त्यांच्या व्याह्यांनी. व्याही निवृत्त मास्तर. अंगाने काटक, जिभेने तिखट. लेक या घरात दिली तेव्हाच किल्लीवाल्यांच्या पोटाकडे बघत ते म्हणाले होते, "व्याहीबुवा, दुकानात बसून बसून तुमचंच कुलूप झालंय." तेव्हापासून शहराच्या वार्षिक शर्यतीत दोघं जोडीने उतरायचे. आणि दर वर्षी मास्तर आधी पोचून, घाम पुसून, केळं सोलत व्याह्यांची वाट बघत उभे असायचे. मग वर्षभर टोमणे. ते ऐकायचे सूनबाईने, कारण एक बाप तिचा आणि दुसरा सासरा.

यंदा मात्र पुलाच्या चढावर मास्तर मागे पडले. कठड्याला हात टेकून थांबले.

"काय झालं हो?" किल्लीवाल्यांनी विचारलं.

"काही नाही. बूट चावतोय. तुम्ही व्हा पुढे, गाठतोच मी."

"बघा हं, नंतर कुरकुर नको."

"अहो निघा! एकदा तरी जिंकल्याचं समाधान मिळू दे तुम्हाला."

किल्लीवाले निघाले. खोटं कशाला बोला, मनात उकळ्या फुटत होत्या. पुलाच्या माथ्यावर पोचल्यावर, व्याही कितीसे मागे राहिलेत ते बघावं म्हणून त्यांनी मान वळवली. कठड्यापाशी कोणी नव्हतं. पळणारी माणसं मात्र एका जागी दुभंगून दोन्ही अंगांनी जात होती, रस्त्यात खड्डा असावा तशी. त्या खड्ड्यात मास्तरांचा पिवळा बनियन दिसला.

गर्दीला धक्के देत ते उलटे धावले. मास्तर उताणे पडले होते. डोळे उघडे, पण कोणाकडेच न बघणारे.

"व्याहीबुवा, उठा. थट्टा पुरे झाली."

शर्यतीतलीच एक बाई शेजारी गुडघ्यांवर बसली. तिने मानेला बोटं लावून पाहिली. "मी नर्स आहे. श्वास चालत नाहीये. काका, हात इथे ठेवा, छातीच्या मधोमध. दाबा!"

"अहो, लागेल त्यांना."

"लागू दे! जोरात दाबा, मी तोंडाने श्वास देते."

किल्लीवाले दाबू लागले. तळव्याखाली कट्‌कन काहीतरी मोडलं. त्यांनी हात झटकन मागे घेतले.

"बरगडी आहे. थांबू नका!"

ते थांबले नाहीत. रुग्णवाहिका आली, माणसांनी त्यांना बाजूला केलं, यंत्राच्या झटक्याने मास्तरांचं अंग उसळलं. "लागले ठोके," कोणीतरी म्हणालं. दार लागलं, गाडी गेली, नर्सही तिच्याबरोबर गेली. कोणीतरी पाण्याची बाटली हातात दिली. तिचं झाकण त्यांना उघडेना.

सूनबाई शेवटच्या रेषेपाशी उभी असेल, एवढंच त्यांना सुचलं आणि पाय आपोआप तिकडे पळू लागले. दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या वाजवत होते. त्या आपल्यासाठी आहेत हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"बाबा!" सूनबाई दोन टॉवेल घेऊन हसत पुढे आली. "चक्क हरवलंत अप्पांना? आता वर्षभर तुमचं ऐकायचं का मी? कुठेत अप्पा?"

किल्लीवाल्यांनी मागे पुलाकडे हात केला. तोंडातून एकच शब्द बाहेर पडला.

"गेले."

तिच्या हातातले टॉवेल खाली पडले. आपण काय बोलून बसलो ते त्यांना तिचा चेहरा बघून कळलं. "नाही, नाही! दवाखान्यात गेले. गाडीतून! ठोके लागलेत!" त्यांनी तिचे खांदे धरले. पण ती नुसतीच त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू तो पहिला शब्द अजून संपलाच नव्हता.

मास्तर वाचले. हृदयाची बंद पडलेली नळी डॉक्टरांनी उघडली. इकडे किल्लीवाल्यांनी दुकान उघडून पाहिलं. किल्ली शेगड्याच्या पकडीत आवळली, कानस टेकवली, पण पितळ किरकिरताच तळव्यात ते 'कट्‌' जागं झालं. गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणून त्यांनी शटर ओढलं आणि दवाखाना गाठला.

मास्तर उशीला टेकून बसले होते. "या, व्याहीबुवा! उद्याच्या शर्यतीची तयारी झाली?"

किल्लीवाल्यांना हसू आलं. मग सूनबाईच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं आणि ते विरलं. ती हळू आवाजात म्हणाली, "सकाळपासून हेच चाललंय. डॉक्टर म्हणतात, ओसरेल. पण तो दिवस काही त्यांना आठवायचा नाही."

किल्लीवाल्यांनी सगळं सांगितलं. मास्तरांचा चेहरा उतरला. "मी? मेलो होतो?" त्यांनी हळूच छाती चाचपली. "आणि तुम्ही परत आलात?"

"आलो."

मास्तरांनी व्याह्यांचा हात घट्ट धरला. दोघांचेही डोळे भरून आले. किल्लीवाल्यांनी मोकळ्या हाताने ते पुसले. मग मास्तरांनी आपल्या हातातल्या त्या हाताकडे नवलाने पाहिलं आणि मान वर केली.

"अरे, व्याहीबुवा! कधी आलात? अहो, माझ्या छातीत हे दुखतंय काय?"

सूनबाई खिडकीकडे वळली. किल्लीवाल्यांनी स्टूल जवळ ओढलं आणि पुन्हा पुलापासून सांगायला सुरुवात केली.