मंडळाच्या हॉलला कुलूप

ड्रायर टिंग करून थांबला आणि घराच्या बेसमेंटमध्ये शांतता पसरली. परदेशातल्या त्या गावातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये उतरवलेल्या सुदानी निर्वासितांसाठी माधवी गरम पांघरुणं काढत होती, तोच मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव तावातावाने जिना उतरून आले.

"हॉलच्या किचनमध्ये मटण शिजवलं त्यांनी! बाप्पाचा नैवेद्य होतो तिथे."

"काका, रविवारी तुमच्याकडेही चिकन असतंच की."

"ते घरी. हॉलमध्ये नाही. बाहेर काढलंय सगळ्यांना, कुलूपही बदललं."

"अहो, बाहेर उणे वीस आहे! लेकरं आहेत त्यांच्यात."

"एवढा पुळका आहे, तर आण इथे. चाळीसच जण आहेत."

ते निघून गेले. शेजारी उभ्या छोट्या जाईने पांघरुणाच्या उबेत गाल खुपसला.

"आई, हॉलमधली माझी फ्रेंड आमना टुनाइट कुठे झोपणार?"