शेणखताचा घात

पाणी द्यायला गेलेल्या ताईच्या हातातून नळी गळून पडली. टोमॅटोच्या रोपांचे शेंडे कुणी मुठीत धरून पिळावेत तसे पिळवटले होते. एकदोन रोपं नव्हेत, जवळजवळ अख्खा वाफा!

रासायनिक खतांनी दगड झालेल्या जमिनीत जीव यावा, म्हणून यंदा तिने भावाच्या गोठ्यातलं कुजलेलं शेणखत भरभरून घातलं होतं. माती भुसभुशीत झाली, गांडुळं दिसू लागली. आणि आता हे!

ती तरातरा बांधावर गेली. शेजारचे मिशीवाले काका पाठीवर पंप अडकवून तणनाशक मारत होते.

"काका, तुमच्या फवाऱ्याने माझं पीक गेलं!"

"माझ्यामुळे? मग ही बांधालगतची ओळ हिरवीगार कशी गं?"

ताईने वळून पाहिलं. त्या ओळीला खत पुरलंच नव्हतं.

घरी येऊन तिने दोन कुंड्यांत घेवडा पेरला. एकीत नुसती माती, दुसरीत तीच माती आणि शेणखत. भाऊ हसला, "ताई, शेण कधी कुणाला बाधलंय का?"

घेवडा चांगला वर आल्यावर तिने दोन्ही कुंड्या त्याच्यापुढे आणून ठेवल्या. खताच्या कुंडीतली पानं तशीच पिळवटलेली. भावाचं हसू मावळलं. गुरांना विकतचं वाळलं गवत घातल्याचं त्याला आठवलं. त्याने गवतवाल्याला फोन लावला.

"हो, रुंद पानांचं तण मरावं म्हणून कुरणावर औषध मारतो," गवतवाला म्हणाला. "गुरांना काही होत नाही."

गुरांना काही झालं नव्हतंच. औषध त्यांच्या पोटातून जसंच्या तसं शेणात उतरलं होतं. भाऊ ताईकडे वळला.

"ज्या शेणावर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यानेच... मीच तुझं शेत मारलं गं."

"तू कुठे मुद्दाम केलंस? आधी कुंडीत घालून बघायचं मलाही सुचलं नाही."

दोघांनी मिळून रोपं उपटली. कृषी अधिकाऱ्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "या औषधाला मका दाद देत नाही. मका लावा आणि माती खालीवर करत राहा. मातीतलं औषध हळूहळू उतरेल." गवताला ते औषध बाधत नाही, म्हणून उरलेलं खत भावाने आपल्या गवताच्या तुकड्यात पसरलं आणि गवतवाला बदलला.

काकांची माफी मागायला ताई गेली. ती काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, "मक्याचं बियाणं आहे माझ्याकडे. नेतेस का?"

मका चांगला आला. टोमॅटो मात्र पुढच्या हंगामातही कोपऱ्याकोपऱ्यात वाकडेच उगवत होते.