समेला वळणारी मान

आत्याचा उजवा हात डाव्या तळव्यावर पडला, की मनगटातल्या दोन पाटल्या एकमेकींवर टेकत आणि एक बारीक, स्वच्छ आवाज होई; भरली कळशी ओट्यावर ठेवताना तिचा काठ दुसऱ्या कळशीला लागावा तसा. तबल्याची सम आणि तो आवाज एकाच क्षणी यायचे. त्या वर्षांतल्या मैफली मला त्या आवाजापासून आठवतात. कोण गायलं, कुठला राग होता, हे मी घरी येऊन टिपून ठेवत असे, कारण टिपल्याशिवाय माझ्याजवळ काही राहत नाही. पाटल्यांचा आवाज कधीच टिपावा लागला नाही.

गंगापूर रोडवर एका डॉक्टरांचा मोठा दिवाणखाना होता. हिवाळा लागला, की तिथे अधूनमधून गाणं होई. दारं लावून घेतली तरी नाशिकची थंडी जाजमाखालून वर येत राहायची आणि माणसं शालींच्या घड्यांत गाणं धरून बसल्यासारखी दिसायची. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे चहाचे कप जाण्यापुरती वाट. असं बसा म्हणून कुणी सांगत नसे. आत आलं, की पावलं आपापल्या बाजूला वळत. अप्पा, म्हणजे आत्याचे यजमान, पुरुषांत खांबाला टेकून बसत. पोस्टातली नोकरी, मोजकं बोलणं, घरात आत्याशी संवाद भाजी आणि विजेचं बिल यांच्यापलीकडे फारसा जात नसे. पण सम जवळ आली, की अप्पांची मान संथपणे बायकांच्या बाजूला वळे. इकडे आत्याचा हात पडे, पाटल्या वाजत, आणि ती वाट ओलांडून दोघांची नजर क्षणभर भेटून माघारी जाई. डॉक्टरांच्या बाई आत्याला चिडवत, की गाणारे पुढे बसलेत आणि तुमचे अप्पा पाहतात कुठे? आत्या म्हणे, त्यांची मानच तिरकी आहे, लग्नातही अशीच होती.

एका फाल्गुनात अप्पा गेले. पुढच्या हिवाळ्यापासून मी आत्याला पुन्हा गाण्याला नेऊ लागले. ती यायची, नेहमीच्या जागी बसायची, पण हात पदरात गुंडाळलेला असे. आई गेल्यानंतर मला आणि माझा भाऊ शरद याला याच हातांनी वाढवलं होतं. ते असे निश्चल पाहणं मला सोसत नव्हतं. अडचण दिसली, की उपायांची यादी करायची हा माझा स्वभाव. रेडिओ दुरुस्त करून आणला, टेपरेकॉर्डर घेतला, तिला पुढे बसवलं, कानही तपासून घेतले. सगळं झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "ऐकू येतं गं नलू सगळं. पण पडत नाही कुठे."



ऐंशीनंतरच्या एका वर्षी शरदने आम्हा दोघींना पश्चिम जर्मनीत बोलावून घेतलं. तिथला शरद ऋतू मी पहिल्यांदा पाहिला. रस्त्याकडेची झाडं तांब्याच्या रंगाची झाली होती आणि दुपारचा उजेड जणू मधात भिजून खिडकीशी थबकत होता. शरदने एका मोठ्या सभागृहातल्या दुपारच्या वाद्यसंगीताची तिकिटं काढली. मी त्याच्याकडून तिथले नियम विचारून घेतले आणि ते आत्याला सांगितले: मधे बोलायचं नाही, खोकायचं नाही, सगळं संपेपर्यंत टाळी वाजवायची नाही, आणि पाटल्या घरीच ठेवलेल्या बऱ्या. ती म्हणाली, तुझं सांगून झालं की कळव, म्हणजे मी श्वास घेईन. पाटल्या तिने काढल्या नाहीत.

सभागृहाचं छत उंच होतं आणि दिवे थंडीतल्या चांदण्यासारखे स्थिर. रांगांच्या मधोमध एक वाट होती. तिकिटांवरचे आकडे जुळवत मी आमच्या खुर्च्या शोधत होते. मागे वळून पाहते तो आत्या नाही. ती वाटेच्या पलीकडे गेली होती. त्या बाजूला कडेच्या खुर्चीशेजारी एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या, त्यांच्यापुढे आणखी दोघी-तिघी. आत्याला ती बायकांची बाजू वाटली. नऊवारीवर शरदचा लोकरी स्वेटर चढवलेली आत्या कडेच्या त्या खुर्चीवर पदर सावरून बसली, आणि शेजारच्या बाईंना नमस्कार करून मोकळीही झाली.

ती खुर्ची त्या बाईंच्या नवऱ्याची होती. कोट काढून ठेवून ते आले, हातातल्या तिकिटाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. शरद लगबगीने उठला, पण तेवढ्यात दिवे मंदावले. म्हातारबुवांनी आत्यापुढे किंचित मान झुकवली आणि वाट ओलांडून ते आमच्याकडच्या रिकाम्या, कडेच्या खुर्चीवर, माझ्या शेजारी येऊन बसले.

पायांमध्ये टेकवून वाजवायचं ते मोठं व्हायोलिन एका मध्यमवयीन बाईंनी वाजवायला घेतलं, मागे साथीला इतर वाद्यं होती. शरद कुजबुजला, याला चेलो म्हणतात. चेलोचा आवाज माणसाच्या छातीतून यावा तसा खालून वर येत होता. तबला नाही, ठेका नाही. सुरांची नदी नुसती वाहत होती, तिला घाटाच्या पायऱ्याच नव्हत्या. वाटेपलीकडे आत्याचा हात पदरात होता. मला वाटलं, इतक्या दूर आणून हिला आपण आणखी एकटं केलं.

मग एक संथ भाग आला. सुरुवातीला ऐकलेली सुरावट मधेच हरवली होती. वेगवेगळ्या वाद्यांतून ती चुकतमाकत, कुणाला तरी शोधत फिरली, आणि शेवटी गाण्याच्या मुखड्यासारखी परतून येऊ लागली. माझ्या शेजारच्या म्हातारबुवांची मान तेव्हा हळूच वळली. वाटेपलीकडे, आपल्या बायकोकडे. पांढऱ्या केसांच्या बाईंनीही इकडे पाहिलं. ती नजर आत्याच्या समोरून गेली आणि आत्याने ती जाताना पाहिली.

सुरावट आपल्या जागी येऊन टेकली. आत्याचा हात पदरातून सुटला आणि तळव्यावर पडला.

त्या काटेकोर शांततेत पाटल्यांचा आवाज केवढा मोठा झाला! पुढच्या रांगेतली दोन डोकी मागे वळली. मी सांगितलेले सगळे नियम एका क्षणात मोडले होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नंतर मात्र तिने हात जपून टाकला, उजव्याची दोनच बोटं तळव्यावर, आवाज न करता. पण तो पडत राहिला.

मध्यंतरात मी क्षमा मागायला आणि खुर्च्या बदलायला धावले. म्हातारबुवा शरदशी काहीतरी बोलत होते. शरदने सांगितलं, ते विचारताहेत, उरलेला वेळ मी इथेच बसलो तर चालेल का; एवढी वर्षं दोघं इथे येतात, पण गाणं ऐकताना ती कशी दिसते हे त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं. आत्या हसली आणि म्हणाली, त्यांना सांग, आमच्याकडे असंच बसवतात. मग माझ्याकडे वळून, स्वेटरची बाही सारखी करत, हलक्या आवाजात म्हणाली, "शेजारी बसलं की माणूस दिसत नाही गं."

परतल्यावरही ती गाण्याला जात राहिली, आणि तिचा हात समेला पडत राहिला. पुरुषांच्या बाजूला ती आता खुशाल पाहायची. खांब रिकामा असो वा त्याला दुसरं कुणी टेकलेलं असो, समेला तिची नजर तिथे जाऊन यायची आणि चेहऱ्यावर जुनं, ओळखीचं समाधान असायचं. पुढे सभागृहं झाली, खुर्च्या आल्या, जोडपी शेजारी बसू लागली. आत्या आता नाही. पाटल्या माझ्या हातात आहेत, आणि गाण्याला गेलं, की मी वाटेच्या एका कडेला बसते, माझे यजमान दुसऱ्या कडेला. लोक समजतात, आमचं भांडण झालंय. काळ पुढे जातो असं म्हणतात. मला तो आवर्तनासारखा फिरताना दिसतो, दूर जाऊन पुन्हा त्याच जागी टेकणारा, आणि त्या जागी कुणी उरलेलं नसलं तरी वेळेवर मान वळवायला लावणारा.