सरावापुरता आजारी

सरकारी दवाखान्यातल्या नर्सताईंच्या मागे नवंच काम लागलं होतं. एका संशोधनासाठी घरोघरी जायचं आणि माणसांना त्यांच्या मनाबद्दल विचारायचं. ताप, खोकला, बाळंतपणं यांत त्यांची निम्मी हयात गेली होती. पण परक्या माणसाला ‘हल्ली सगळं व्यर्थ वाटतं का’ असं तोंडावर विचारायचं म्हणजे त्यांना संकटच वाटे.

प्रशिक्षण द्यायला आलेल्या डॉक्टरबाई सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या, “उदासीवर जगात ढिगानं संशोधन झालंय, पण बहुतेक सगळं मोजक्या श्रीमंत देशांतल्या माणसांना विचारून. तुमच्या भागात कोणी विचारायलाच आलं नाही. त्यामुळे इथली माणसं उदास होतच नाहीत, असा समज झालाय.”

“उदास व्हायला सवड कुणाला आहे इथे,” नर्सताई पुटपुटल्या आणि सगळा वर्ग हसला.

मग सराव आला. प्रत्येकीला एका खोट्या रुग्णाची माहिती लिहिलेला कागद मिळाला. घरच्या कुणाला तरी तो वाचायला द्यायचा, त्यानं तो रुग्ण व्हायचं आणि आपण मुलाखत घ्यायची. नर्सताईंना माणूस शोधायची गरजच नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ फ्रीज दुरुस्त करायचा आणि नकला अशा करायचा की बघणाऱ्याची हसून मुरकुंडी वळावी. घरात त्याला नकल्याच म्हणत. अलीकडे नकला कमी झाल्या होत्या खऱ्या, पण कामाचा व्याप वाढला असेल, असं सगळ्यांनी आपापल्या सोयीनं धरलं होतं.

रविवारी दुपारी दोघं त्याच्या दुकानात बसली. शटर अर्धं खाली होतं, चहूकडे दार काढलेले फ्रीज उभे होते. मागच्या खोलीत त्याची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

“ट्रकचालक? फारच सोपं आहे,” कागद वाचून नकल्या म्हणाला. त्यानं मांडीवर नट पिळायचा पाना आडवा धरून स्टिअरिंग केलं. नाव विचारलं तर हॉर्न वाजवला. नर्सताईंनी त्याला दटावलं, पण हसू काही त्यांना आवरेना.

“झोप कशी लागते?”

“लागतच नाही. डोळा लागला तरी पहाटेआधी उघडतो. मग छताकडे बघत पडायचं.”

“अरे, कागदावर झोप जास्त लागते असं लिहिलंय.”

“बरं बरं. पुढे विचार.”

“कामात लक्ष लागतं?”

“स्क्रू हातात घेतो आणि कशाला घेतला तेच आठवत नाही.”

ट्रकचालकाच्या हातात स्क्रू कुठून आला? नर्सताईंनी वर पाहिलं. कागद फ्रीजवर पालथा पडला होता आणि पाना खाली ठेवलेला होता. आवाजही कुणा दुसऱ्याचा नव्हता.

आता पुढचा प्रश्न तोच होता, जो विचारताना वर्गातही त्यांची जीभ अडखळायची. वाटलं, पुरे झाला सराव म्हणावं, चहा टाकावा, विषय बदलावा. तेवढं धाडस करण्यापेक्षा पळून जाणं किती सोपं असतं ते त्यांना त्या क्षणी कळलं. पण समोर सख्खा भाऊ बसला होता. त्यांनी प्रश्नांची वही मिटली आणि विचारलं, “जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात येतं का?”

“येतं,” तो म्हणाला.

“हे ट्रकचालक सांगतोय की तू?”

“त्याचं काय घेऊन बसलीस, ताई? तो मजेत आहे.”

नर्सताईंना त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. तुला काय कमी आहे रे, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, असं उत्तर आलं की संशोधन राहू दे बाजूला. रागवू नका, उपदेश करू नका, माणसाला एकटं सोडू नका आणि मला फोन करा. त्यांनी ते वाक्य गिळलं, त्याचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं फोन लावला.

“आत्ताच घेऊन या, मी थांबते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “औषधानं आणि बोलण्यानं यातून माणसं बरी होतात. त्यांनाही हे सांगा.”

नर्सताईंनी सांगितलं. नकल्यानं इतका लांब श्वास सोडला, जणू डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतलं. मग मागच्या खोलीकडे बघत तो हळूच म्हणाला, “पण हिला काय सांगू?”

“मला सांगितलंस तेच.”

त्याला याचीच जास्त धास्ती होती. तो उठला, दारात जाऊन उभा राहिला. नर्सताई मागोमाग गेल्या.

“ऐक ना. मला बरं वाटत नाहीये. मनातून. बरेच दिवस झाले.”

बायकोच्या हातातला सदरा अर्ध्या घडीवरच थांबला.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “उगीच का मी सारखी दुकानात यायची? पाणी काय, चहा काय, सुट्टे पैसे काय. तुम्ही आहात ना, एवढंच बघायला यायची. विचारायची छाती होत नव्हती हो.”

नकल्यानं तिच्या हातातला सदरा काढून घेतला.

“आता डॉक्टर बघतील ना, ताई?” तिनं नणंदेला विचारलं.

“बघतील. वाट बघतायत.”

“मग मी जरा बसते,” ती म्हणाली आणि तिथेच जमिनीवर, कपड्यांच्या ढिगाला टेकून बसली.