दुसरी खाच

बाबांच्या टेबलाला एकच खाच होती. म्हणून गुरुवारी दुपारी बेसमेंट आवरताना दुसरी दिसली, तेव्हा मी तिच्या कडेवरून दोनदा बोट फिरवून पाहिलं.

बाबांनी चाळीस वर्षं कारखान्यांसाठी फिक्श्चर्स डिझाइन केली, आधी पुण्यात, मग इथे न्यू जर्सीत. यंत्रावर भाग पक्का धरून ठेवणारी चौकट, असं ते समजावून सांगत. ती अशी हवी, की तो भाग चुकीचा बसवताच येऊ नये. कामगार दमलेला असतो, घरून भांडून आलेला असतो, फिक्श्चरनं ते गृहीत धरायचं. रिटायर झाल्यावर त्यांचे मित्र पुरुषोत्तमकाका यांच्या नादानं ते नेमबाजीच्या रेंजवर जायला लागले आणि वर्षभरात पिस्तुलाची काडतुसं घरीच भरायला लागले. आमच्या एडिसन गावातल्या ओळखीच्यांना ते तळघरात सुतारकाम करतात एवढंच माहीत होतं. आईनं तसंच सांगून ठेवलं होतं.

टेबल मुळात आईचं, शिलाईचं. बाबांनी त्याच्या उजव्या कडेला एक चौकोनी खाच कापली आणि तिच्यात बसतील अशा तीन प्लेटी केल्या. एकीवर बंदुकीची पावडर मोजून टाकणारं यंत्र, दुसरीवर गोळी दाबून बसवायची प्रेस, तिसरीवर आईचं शिलाई मशीन. दोन नॉब सैल केले की प्लेट उचलून हातात यायची. एका वेळी एकच. काडतुसांच्या पन्नास रिकाम्या पुंगळ्यांत पावडर भरून झाली, प्रत्येकीत बॅटरीनं डोकावून पाहिलं, यंत्र उतरवलं, की मगच प्रेस चढायची. अर्धं काम टाकून दुसरं सुरू करायची सोयच नव्हती. आईला ब्लाउज शिवायचा असला तरी तिला थांबावं लागे. ती कुरकुर करायची. बाबा म्हणायचे, "ही गैरसोय मुद्दाम केलेली आहे."

दुसरी खाच टेबलाच्या डाव्या टोकाला होती. एक कोपरा सरळ नव्हता, कानशीचे ओरखडे तसेच राहिले होते. बाबांच्या हातचं हे काम वाटेना. पण मी वाकून खालून पाहिलं तर पेन्सिलनं लिहिलेली तारीख होती, केलेल्या प्रत्येक वस्तूखाली ते लिहीत तशी. बारा ऑक्टोबर. अक्षर त्यांचंच होतं.

ते गेले नऊ नोव्हेंबरला, स्ट्रोकनं. तेराव्याला पुरुषोत्तमकाकांनी त्यांची एखादी आठवण मागितली, आणि मी या टेबलावरच्या फळीवरून पन्नास काडतुसांचा एक डबा काढून दिला. येत्या शनिवारी रेंजवर याच गोळ्या मारतो, ते म्हणाले, त्याच्यासाठी तेवढंच. डब्यावरची तारीख मी तेव्हा वाचली होती. एकोणीस ऑक्टोबर.

मी वर गेले. आई वाटाणे सोलत होती. डावीकडची खाच कशाला, मी विचारलं.

"माझ्या मशीनला."

"आणि बाबांचं यंत्र?"

"ते उजवीकडे, नेहमीच्या जागी. दोघं शेजारी बसायचो."

मी खुर्ची ओढून बसले. हळूहळू तिनं सांगितलं. उन्हाळ्यापासून बाबा विसरायला लागले होते. एकदा ओक ट्री रोडवर गाडीत बसून तिला फोन केला, मी काय आणायला निघालो होतो म्हणून. डॉक्टरकडे जायला ते तयार नव्हते. मला सांगायचं नाही अशी तिला शपथ घातली होती. मग त्यांना तळघरात एकटं सोडायला ती घाबरायला लागली, आणि मलाही एका टोकाला जागा करून द्या म्हणून तिनं हट्ट धरला. त्यांनी आठवडाभर टाळलं. मग दिली करून.

काकांना फोन करायला हवा, त्यांना दिलेला डबा या खाचेनंतर भरलेला आहे, मी म्हणाले. एखाद्या पुंगळीत पावडर दुसऱ्यांदा पडली असेल तर पिस्तूल हातात फुटतं.

"काय सांगणार आहेस? की माझ्या बाबांचं डोकं चालत नव्हतं?"

"हो."

"चाळीस वर्षांत त्यांची एक चूक कोणी काढली नाही, सई. गेल्यावर तू काढणार?"

मी चूक काढायला निघाले नव्हते, पण काढावी लागणार होती. मी अंगणात जाऊन फोन लावला. काकांना खाचेबद्दल सांगितलं, तारखा सांगितल्या, ओक ट्री रोडचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, उद्या डबा घेऊन येतो.

शुक्रवारी सकाळी ते आले. भरलेलं काडतूस उघडायची बाबांची प्लास्टिकची हातोडी होती, तिच्या पोकळीत ते घालून आपटलं की गोळी निघून येते. काका आपटत होते, मी प्रत्येकातली पावडर छोट्या वजनकाट्यावर मोजत होते. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. सोळा काडतुसं सारखी निघाली, अगदी बाबांच्या वहीत लिहिलेल्या मापाची. आई एकदा म्हणाली, "बघ." सतरावं ओतलं तेव्हा काट्याची गरजच नव्हती. वाटीतला ढीग दुप्पट होता.

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"त्या दिवशी मी त्यांना बाही धरायला बोलावलं होतं," आई म्हणाली. "दोन मिनिटं. परत जाऊन बसले, तर कुठवर आलो होतो ते त्यांना कळेना. मला विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत, करा आपलं पुढे. मग बॅटरीनं बघायचंही राहिलं."

मग काका म्हणाले, "ऑगस्टमध्ये त्यानं मला एकाच राउंडचा स्कोअर तीनदा विचारला होता, वहिनी. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"आम्हाला वाटत होतं, तुम्हाला कळू नये."

उरलेली तेहतीस काडतुसंही उघडली. आणखी दोन तशी निघाली, अठरा आणि एकोणीस, ओळीनं. पावडर काकांनी बंद डब्यात घेतली, गोळ्या वेगळ्या, पुंगळ्या वेगळ्या. उद्या मी काही जात नाही रेंजवर, ते म्हणाले.

आई उठून टेबलापाशी आली. डावीकडचे दोन नॉब तिनं स्वतः सैल केले आणि मशीन प्लेटीसकट उचललं. ते जड होतं, पण मी हात पुढे केला तर तिनं मानेनं नको म्हटलं. उजवीकडची खाच रिकामी होती. मशीन तिनं त्या खाचेत बसवलं आणि नॉब आवळले.

"दुकानातल्या गोळ्या घेऊन जा रेंजवर," ती काकांना म्हणाली. "पण जा."