वेलीचा पीळ

केंबीने पुस्तकातल्या झाडाच्या बुंध्यावर बोट ठेवलं आणि वेलीच्या मागोमाग ते वर नेलं. अर्ध्यावर थांबून पुन्हा बुडाशी आणलं, पुन्हा वर नेलं. समोर बसलेल्या रोसिली टीचरला हसू येत होतं. आपल्या चित्रावरून कुणी असं बोट फिरवत बसलं की तिला मनापासून बरं वाटायचं.

"ही मी दाखवलेली नाही," केंबी म्हणाली.

"कुठली?"

"ही वेल. ही कडवी आहे."

रोसिली पुढे वाकली. चित्र नवव्या पानावरचं होतं. फणसाच्या झाडावर कोनफळाची वेल चढलेली आणि शेजारून कंद खणायची काठी घेऊन निघालेली केंबी आजी. बदामाच्या आकाराची पानं, त्यांच्यावरच्या शिरा, एका पानाला अळीने पाडलेलं भोकसुद्धा रोसिलीने जसंच्या तसं काढलं होतं. तिने ते भोक दाखवलं. हे आठवतं ना, तुझ्यासमोर बसून काढलं होतं, असं म्हणाली.

"पानं दोघींची सारखीच असतात," केंबी म्हणाली. "पीळ बघ. झाडासमोर उभं राहिलं की कोनफळ आपल्या डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे चढतं. ही उजवीकडून डावीकडे चालली. ही करांद्याची चाल." मग तिने बोट बाजूला सरकवलं. "आणि ही बाई कोण?"

"तूच की."

केंबीने चित्राकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि पुस्तक मिटून, ज्या कापडात ते आलं होतं त्यातच नीट गुंडाळून परत दिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त कॉफी घेणार का म्हणून विचारलं.

हा सगळा प्रकार केरळातल्या वायनाडच्या एका पणिया आदिवासींच्या वस्तीत, केंबीच्या ओसरीवर, जानेवारीतल्या गुरुवारी सकाळी झाला. सोमवारी शाळेत पुस्तकाचा समारंभ होता. आसपासच्या सगळ्या वस्त्यांतल्या शाळांना प्रती वाटायच्या होत्या आणि केंबीला शाल द्यायची होती. रोसिलीने एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर मुलांसाठी चित्रांची पुस्तकं केली. बेडूक, मुंग्या, भातखाचरातले खेकडे अशी सहा झाली. हे सातवं तिच्या सगळ्यात जिव्हाळ्याचं होतं. यासाठी ती दोन वर्षं केंबीच्या मागे रानात फिरली होती. केंबी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. रोसिलीच्या वडिलांच्या कॉफीच्या मळ्यात ती लहानपणापासून कामाला, म्हणजे रोसिली फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून दोघींची ओळख. तरी शाळेची पायरी न चढलेली केंबी तिला टीचर म्हणायची आणि रोसिली मात्र केंबीला नुसतं केंबी. असं का, हे इकडे कुणी कुणाला विचारत नाही.

वेल दाखवायला केंबी लगेच तयार झाली नव्हती. तिच्या लहानपणी भर पावसातल्या कर्किडकम महिन्याच्या उपासमारीत तिच्या धाकट्या भावाने एकट्याने जाऊन कंद खणला, भाजला आणि खाल्ला. तो कडू करांदा होता. तो खायचा तर राखेच्या पाण्यात उकडून वाहत्या पाण्यात दोन दिवस ठेवावा लागतो, हे त्या पोराला कुठलं माहीत? दोन दिवस उलट्या झाल्या, तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. हे केंबीने एकदाच सांगितलं होतं आणि त्यावर एक अट घातली होती. नातवंडं वसतिगृहात राहतात, त्यांना रान ठाऊक नाही, आणि मी काही कायमची नाही. तेव्हा काढायचं तर असं काढ की उद्या मी नसताना पोरांनी पुस्तक बघून खणलं तरी चुकणार नाहीत. रोसिलीने हो म्हटलं होतं. नुसतं हो नाही, छातीवर क्रूस काढून हो म्हटलं होतं.

घरी आली तेव्हा तिचा नवरा कुरियाच्चन अंगणात वाळत घातलेली कॉफीची फळं लाकडी फावड्याने उलथत होता. तिने सगळं सांगितलं. त्याला कामातून सुटायला निमित्तच हवं होतं. तो आत जाऊन गोठ्यातला दोर घेऊन आला आणि सुपारीच्या खोडाला खालपासून वर गुंडाळायला लागला.

"आता सांग, हा कुठं चढतोय?"

"डावीकडून उजवीकडे."

"तुझ्या डावीकडून. झाडाच्या डावीकडून नाही."

"झाडाला डावं-उजवं असतं का?"

"तेच तर म्हणतोय मी," कुरियाच्चन विजयी मुद्रेने म्हणाला आणि खोडाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. तिथूनही दोर डावीकडूनच उजवीकडे चढत होता. हे त्याला अजिबात अपेक्षित नव्हतं. त्याने खोडाभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, मान वाकडी करून वरून बघितल्यासारखं केलं, खाली बसून खालून बघितलं आणि शेवटी दोर सोडून टाकला.

रोसिलीने कपाटातली वनस्पतींची दोन जाडजूड पुस्तकं काढली. एकात लिहिलं होतं की कोनफळ उजवं वळतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की तेच डावं वळतं. दोन्ही पुस्तकं विद्वानांची होती. एक जण वेलीकडे समोरून बघत होता आणि दुसरा आभाळातून, हे समजायला तिला अर्धा तास लागला आणि समजल्यावर डोकं आणखीच चक्रावलं. जेवताना तिने भाताचं भांडं कुरियाच्चनच्या उजवीकडे सरकवायचं ते डावीकडे सरकवलं. इतकी वर्षं ज्या हाताने चित्रं काढली तो हात नेमका कुठला, असा क्षणभर तिलाच प्रश्न पडला.

"रविवारी चर्चमध्ये क्रूस काढताना तेवढा जपून काढ," कुरियाच्चन म्हणाला. "फादर वरून बघतात, मी समोरून."

ती हसली नाही. उठली आणि पुस्तक घेऊन मळ्याच्या कुंपणापाशी गेली. तिथे सिल्व्हर ओकच्या झाडावर एक कोनफळ दरवर्षी आपोआप उगवायचं. वेल वाळून सुतळीसारखी झाली होती, पण पीळ शाबूत होता. तिने नववं पान उघडून खोडाशेजारी धरलं. समोरून बघा, वरून बघा, विद्वानांना विचारा की नवऱ्याला, दोन्ही वेली एकमेकींच्या विरुद्ध चालल्या होत्या. केंबीचं खरं होतं. रानात कोनफळाच्या वेलीचा चौकोनी देठ बोटांना कळतो, पण चित्रातल्या वेलीवर बोट फिरवून काही हाताला लागत नाही. मुलांना कळायचं ते पिळावरूनच, आणि तोच चुकला होता.

मग तिला एकदम हायसं वाटलं, कारण चूक कुणाची हे तिला समजलं. तिने कोळिकोडला बिंदुजाला फोन लावला. बिंदुजा प्रकाशकांकडे संपादक होती, वयाने टीचरच्या मुलीएवढी, आणि बोलायला साखरेसारखी. रोसिलीने तिला फैलावर घेतलं. तुम्ही लोक संगणकावर चित्रं इकडची तिकडे करता, कुणाला विचारत नाही, असं काय काय बोलली. बिंदुजाने सगळं ऐकून घेतलं.

"टीचर, आम्ही काही उलटं केलं नाही. मूळ चित्रं आम्ही पार्सलने परत पाठवली आहेत ना, एकदा बघता का?"

पार्सल अजून फोडलंच नव्हतं. नववं चित्र वर काढलं तर ते पुस्तकात होतं तसंच होतं. तोच पीळ, तेच भोक, कोपऱ्यात तिची सही. सही सुलट होती.

आता मात्र तिला काहीच सुचेना. रानात काढलेली वही शोधली, तर तिच्यात वेल बरोबर होती आणि केंबी पुस्तकातल्यासारखी उजवीकडे नाही, पानाच्या डावीकडे चालली होती. म्हणजे डोळे चुकले नव्हते आणि छापखानाही चुकला नव्हता. वही आणि चित्र यांच्या मधल्या टेबलावर कुठेतरी वेलीने वाट बदलली होती आणि त्या टेबलाशी रोसिलीखेरीज दुसरं कुणी बसत नाही.

संध्याकाळी तिने खणातले ट्रेसिंगचे कागद काढले. तिची पद्धत ठरलेली होती. वहीतलं चित्र पातळ कागदावर उतरवायचं, कागदाच्या मागे मऊ पेन्सिल घासायची आणि जाड कागदावर ठेवून पुढून रेघा गिरवायच्या. बाकीच्या अकरा कागदांच्या पाठी काळ्या होत्या. नवव्याची पाठ कोरी होती. पेन्सिल पुढच्या बाजूला घासली होती आणि कागद पालथा घालून गिरवला होता, म्हणजे चित्र आरशातल्यासारखं उलटं उतरलं होतं.

तेव्हा तिला आठवलं. पावसाळ्यात बिंदुजाचाच फोन आला होता. टीचर, वहीतली चित्रं अप्रतिम आहेत, फक्त नवव्या पानावर आजी मागे चालल्यासारखी वाटते. पान जिकडे उलटायचं तिकडे तोंड असेल तर मूल पुढे जाईल. रोसिलीला ते इतकं पटलं होतं की तिने फोन ठेवल्याबरोबर कागद पालथा घातला होता. विचार करायला एक घोट कॉफीएवढाही वेळ घेतला नव्हता. आणि ती बाई कोण, हा केंबीचा प्रश्नही आता तिला समजला. चित्रातल्या बाईच्या काठीवर जोर उजव्या हाताचा होता. केंबी डावखुरी होती. बी पेरताना डावा हात वापरते म्हणून रोसिलीची आई तिला मळ्यात सगळ्यांदेखत बोलायची आणि ते ऐकत रोसिली मोठी झाली होती. एवढं माहीत असून तिच्या हाताला काही खटकलं नाही याची तिला लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी तिने पुन्हा फोन केला. आधी कालच्या बोलण्याबद्दल माफी मागितली, मग म्हणाली की सोमवारचं वाटप थांबवा.

"मुलं एवढं कुठं बघणार, टीचर? तुम्ही सांगितलंत म्हणून मलाही दिसलं."

"मुलं बघणारच. बघून खणायचं पुस्तक आहे ते."

बिंदुजाने तारखा बघितल्या. मग म्हणाली की समारंभ महिनाभर पुढे ढकलता येईल, तेवढं एक पान नव्याने छापू. चित्र बदलेल, मजकूर आहे तोच ठेवायचा ना? रोसिली म्हणाली, हो, मजकुरात काही अडचण नाही.

मग ती वस्तीवर गेली. केंबी ओसरीवर बसून सुपात कॉफीचे दाणे निवडत होती. रोसिली तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली की चित्रं उतरवताना कागद उलटा झाला. केंबी निवडतच राहिली. रोसिलीला आपलंच वाक्य ऐकू आलं.

"झाला नाही. मी केला."

"का?"

"पुस्तकात तू पुढे चाललीस असं दिसावं म्हणून."

केंबीला हे काही झेपलं नाही. तिने सूप खाली ठेवलं.

"कंद ज्या बाजूला असेल त्या बाजूला माणूस जातो, टीचर. पुढे कशाला जाईल?"

रोसिलीने नवीन पान छापणार असल्याचं सांगितलं, वेल बरोबर असेल आणि काठी डाव्या हातात असेल असंही सांगितलं. केंबीने मान हलवली. चेहरा जरा सैल झाला. पुस्तक मागून घेतलं, मांडीवर उघडलं आणि ती एकेक पान उलटायला लागली. सहाव्या पानावरची मातीची ढेकळं तिला आवडली. सातव्यावरच्या साळिंदराला ती हसली. मग तिचं बोट चित्रावरून खाली, काळ्या अक्षरांवर आलं.

"चित्र माझं मला कळतं. हे मला कळत नाही. हे तरी मी सांगितलं तसंच आहे ना?"

"तसंच आहे."

"वाच."

रोसिली पहिल्या पानापासून वाचू लागली. केंबी डोळे मिटून ऐकत होती. माती कशी दाबून बघायची, कंदाचा शेंडा तोडून पुन्हा मातीत कसा ठेवायचा, खड्डा बुजवल्याशिवाय का उठायचं नाही, सगळं तिचंच होतं. मधूनमधून ती हुंकार देत होती. एका ठिकाणी तर पुढचं वाक्य तिने आधीच म्हटलं. रोसिलीचा आवाज मोकळा झाला.

नवव्या पानावर चार ओळी होत्या. पहिल्या तीन वाचून झाल्या आणि चौथी दिसली. 'आजी म्हणाली, रान ही आपली आई आहे, ती कधीच कुणाला उपाशी ठेवत नाही.' ही केंबीने सांगितलेली नव्हती आणि बिंदुजाने सुचवलेलीही नव्हती. एका दुपारी टेबलाशी बसून रोसिलीने स्वतः लिहिली होती आणि लिहिताना तिचे डोळे भरून आले होते. पुस्तकाच्या जाहिरातीवरही हीच ओळ होती. सगळ्यांना आवडली होती.

तिने पान उलटायला बोट लावलं.

केंबीने डोळे उघडले होते. तिने डावा हात पसरून पानावर ठेवला.

"खाली अजून एक ओळ आहे," ती म्हणाली. "ती वाच."