मामंजींचं नाव

१९७१ सालच्या मार्गशीर्षात वार्निशच्या कारखान्यातलं काळं पिंप द्वारकाचा सासरा झालं. सोमवारी सुटी होईपर्यंत ते पिंप होतं. मंगळवारी सकाळी ती शेडमध्ये आली, तर तिथे सासरे बसले होते. उंबऱ्याबाहेर तिने आपसूक चपला काढल्या. आदल्या दिवसापर्यंत त्या शेडला उंबरा नव्हता.

कारखाना कल्याणच्या पुढे, खाडीच्या अंगाला होता. तेव्हा लढाई चालू होती. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, त्यामुळे भर दुपारीही आत दिवेलागणीसारखा उजेड. बायकांचं काम एकच: पिंपातलं द्रावण ओगराळ्याने काढायचं आणि पत्र्याच्या डब्यांत भरायचं. वार्निश पातळ करायला लोक ते नेत. दिसायला पाण्यासारखंच, पण वास गोडसर, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा. त्याला नाव होतं, पण ते कुठल्या मुलखातलं कोण जाणे, कुणाच्या तोंडात बसायचं नाही. म्हणून मुकादमीण हौसाबाई एकदा म्हणाली होती, "माझ्या सासऱ्यावानी हाय बघा ह्यो. नुसता दारात आला की समदं घर गप." सगळ्या पोट धरधरून हसल्या होत्या. त्या दिवसापासून "मामंजी आले का?", "मामंजींचं झाकण लाव गं" असंच चालायचं. बरेच दिवस ते नुसतं बोलण्यात होतं. मग झालं.

द्वारकाचा खरा सासरा, तिचा नवरा हिराजी रांगत होता तेव्हाच, वारला होता. ती जागा मोकळीच होती. शेडमधल्या बाकीच्या बायका आपोआप तिच्या जावा झाल्या, हौसाबाई थोरली. डब्यांना लेबलं चिकटवणारी तान्ही तेवढी बिनलग्नाची, म्हणून ती नणंद झाली. सोमवारपर्यंत द्वारका आणि तान्ही एका डब्यात जेवत होत्या. मंगळवारी तान्ही स्टुलावरून न उठता म्हणाली, "वहिनी, बाबांपुढचा केर काढला नाहीस अजून?"

"तान्हे, काय झालंय तुला?"

"वन्सं म्हण."

द्वारकाला काही उमगेना. पण पदर डोक्यावर आला होता आणि केरसुणी हातात होती, म्हणून तिने केर काढला.

त्याच आठवड्यात तिच्या डाव्या हाताची करंगळी दिसेनाशी झाली. दुखत नव्हती. होती जागेवरच, डबा उचलला की भार लागायचा. पण तिच्यातून पलीकडचं सगळं दिसे. आधी नख गेलं, मग पेर, मग शेजारचं बोट. बांगड्या मनगटावर होत्या तोवर निदान हात कुठवर आहे ते तिला कळत होतं.

ती दवाखान्यात गेली. डॉक्टर सामंतांनी तिचा हात खिडकीशी धरला आणि त्यातून बाहेरचं लिंबाचं झाड पाहिलं.

"कारखान्यात कशात हात घालता?"

"पिंपात."

"पिंपात काय असतं?"

द्वारकाने पदर पुढे ओढला. सासऱ्यांचं नाव कसं घ्यायचं?

"हे बघा बाई," डॉक्टर म्हणाले, "औषधं दोन आहेत. एकाने हात परत येतो. दुसऱ्याने राहिलेलाही जातो. कोणतं द्यायचं ते त्या मालाच्या नावावर ठरतं. नाव घेऊन या. खांद्यापर्यंत पोचायच्या आत या."

कारखान्यात नाव सांगण्यासाठीच नेमलेला एक माणूस होता. देवस्थळी त्यांचं आडनाव, पण बायका त्यांना सेफ्टीसाहेब म्हणत. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं इतकं अदबीचं की आपण काही चुकलोय की काय असं समोरच्याला वाटावं. कामगाराला घातक मालाची माहिती देणं हे त्यांचं काम होतं. गुरुवारी ते उंबऱ्यात उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "भगिनींनो, या पिंपात जो पदार्थ आहे, त्याचं नाव..."

तेवढ्यात शेडमधल्या सगळ्या बायकांचे पदर डोक्यावरून सरकून कानांवर आले. कुणी हात लावला नव्हता. कापड आपणहून आलं आणि घट्ट बसलं. देवस्थळींचे ओठ हलताना दिसले. मग पदर मागे सरले आणि पुढचं सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"...असं आहे. त्यात उघडा हात घालू नये. वाफ हुंगू नये. त्रास झाल्यास डॉक्टरांना नाव सांगावं. कळलं?"

"कळलं," सगळ्या म्हणाल्या.

"मग सांगा बघू नाव."

बायकांनी ओगराळी उचलली. तान्ही लेबलाला खळ लावत होती. तिला पदर नव्हता, तिने सगळं ऐकलं होतं. तिने मान वर केली नाही.

"तुम्हाला सांगता येत नाही तोवर मी माहिती दिली असं होत नाही," देवस्थळी काकुळतीने म्हणाले. "मला पुन्हा यावं लागेल."

द्वारका उंबऱ्यापाशी त्यांच्याजवळ गेली. "साहेब, तुम्हीच सांगा ना डॉक्टरांना. दवाखाना नाक्यावर तर आहे."

"कामगाराला सांगायचं असा नियम आहे, बाई. डॉक्टरांना सांगायचा नाही."

"मग लिहून द्या."

"लिहिलेलंच आहे. पिंपावर समोरच आहे."

होतंच. पण सासऱ्यांच्या तोंडाकडे कसं बघायचं? द्वारकाने प्रयत्न केला. मान वर उचलली की नजर त्यांच्या तळाशी, ओल्या फरशीवरच उतरायची.

दुसऱ्या दिवशी देवस्थळींनी रबरी हातमोजे आणले, काळे, कोपरापर्यंतचे. हौसाबाईने एक मोजा चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला.

"आता गं बया! सासऱ्याच्या ताटात वाढायचं आणि ह्ये घालून? त्यास्नी काय शिवायचं न्हाय व्हय आमी? उद्या म्हणाल नाकाला फडकं बांधा."

"तेच म्हणणार होतो," देवस्थळी म्हणाले.

"जावा साहेब, जावा. तुमच्या घरी चालत आसंल."

बायका हसल्या. द्वारकाही हसली, आणि हसताना तोंडापुढे धरलेला हात तिला दिसला नाही.

दिवसागणिक शेड घरासारखी होत गेली. छप्पर खाली आलं. भिंती इतक्या जवळ आल्या की ओगराळं भरून वळताना जावेला धक्का लागे. पिंपाच्या वर कोनाडा झाला, त्यात निरांजन तेवू लागलं. सेफ्टीसाहेब धावत येऊन ते विझवायचे, आणि त्यांची पाठ वळली की ते पुन्हा लागलेलं असे. सुटीचा भोंगा झाला तरी बायकांचे पाय हलत नसत. हौसाबाई पदर खोचून पुढे व्हायची आणि म्हणायची, "मामंजी, निघू का?" छपराखाली दिवसभर तापलेलं झाकण कधी टिक करून वाजायचं. वाजलं की निघायचं. न वाजलं तर थांबायचं. मॅनेजरसाहेब एकदा डोकावून गेले आणि समाधानाने म्हणाले, "मी नेहमी सांगतो, आपण सगळं एक कुटुंब आहोत."

हात मनगटापर्यंत गेला, तेव्हा बांगड्या हवेत किणकिणू लागल्या. द्वारकाने तान्हीला गाठलं.

"वन्सं, तुम्ही लेक आहात. तुम्हाला त्यांचं नाव घेता येतं. तुम्हाला ऐकूही येतं. माझ्याबरोबर दवाखान्यात चला, डॉक्टरांच्या कानात सांगा, बस."

"कशाला?"

"हा बघा हात."

तान्हीने हात होता तिथे पाहिलं. क्षणभर ती पूर्वीची तान्ही झाली. डोळे भरून आले. मग तिने खळीचा ब्रश उचलला.

"म्हणजे तुला म्हणायचंय, हे माझ्या बाबांनी केलं."

"मी तसं नाही म्हणत."

"मग नाव कशाला हवंय? चार लोकांत बाबांचं नाव घेऊन सांगू, की आमच्या घरात सुनेचा हात गेला? माझं लग्न व्हायचंय, मला अजून उजवायचंय त्यांना. आणि तुझा हात पहिल्यापासून असाच असेल. आम्ही लग्नात नीट बघितला नव्हता."

घरी हिराजीला सांगावं तर तो निराळ्याच आनंदात. बाप मिळाला म्हणून तो नारळ घेऊन कारखान्यात जाऊन आला होता, पिंपाला मिठी मारून आला होता. त्याच्या छातीवर लोखंडी कड्याचा वळ उठला होता आणि तो वळ तो आरशात पुन्हा पुन्हा बघत होता.

"तुम्ही तरी विचारा ना नाव."

"आबाच म्हणतो मी त्यांना. बापाला काय नाव विचारायचं? एवढ्या वर्षांनी भेटले, आणि पहिलं काय विचारू, तुम्ही कोण?"

शेवटी द्वारकाने ठरवलं. दुपारच्या सुटीत ती पिंपापुढे खाली मान घालून उभी राहिली आणि म्हणाली, "मामंजी, तुमची तब्येत बरी दिसत नाही. जरा डॉक्टरांना दाखवून येऊ या?"

तिने झाकणाकडे कान दिला. मग झाकण टिक करून वाजलं.

तिने त्यांना हातगाडीवर बसवलं, वर घोंगडी पांघरली आणि फाटकाबाहेर काढलं. फाटकावरच्या गुरख्याने सलाम केला, तो तिला नव्हता. नाका रोजच्यापेक्षा लांब गेला होता. रस्त्यातली माणसं थांबून हात जोडत आणि तिला म्हणत, "सून असावी तर अशी." केळ्यांचा वास गाडीपुढे चालत होता. कोपरापर्यंत दिसेनासा झालेला हात गाडीच्या दांड्यावर होता की नव्हता, तिला सांगता आलं नसतं.

डॉक्टर सामंतांनी पिंपाला पडद्याआड घेतलं. "सूनबाई, तुम्ही बाहेर थांबा."

आतून डॉक्टरांचा आवाज आला: "बसा आजोबा. नाव काय आपलं?"

पदर तिच्या कानांवर आला. या वेळी ती तयारीत होती. टेबलावर मलमपट्टीची कात्री होती. दिसणाऱ्या हाताने तिने ती उचलली आणि पदर मानेपाशी कापला. तो जमिनीवर पडला आणि तिथे थोडा वेळ हलत राहिला. तिच्या कानांना वारा लागला. आतलं बोलणं संपलं होतं.

डॉक्टर बाहेर आले, हातात फडकं नसताना हात पुसल्यासारखे करत.

"सांगितलं त्यांनी," ते म्हणाले.

द्वारका बाकावर बसली. "मग द्या औषध."

"त्यांना काही त्रास नाही म्हणतात. मी तपासलं. खरंच नाही."

"माझ्या हाताचं विचारतेय मी."

"ते म्हणाले, घरातली गोष्ट आहे. सुनेला सांगू नका, आणि तिच्यासाठी ती वापरूही नका. पेशंटने विश्वासाने सांगितलेलं मला बाहेर काढता येत नाही, बाई."

"माझं नाव आधी लिहिलंय तुमच्याकडे. मी आधी आलेय."

डॉक्टरांनी मान हलवली. ते तिला नाही म्हणत नव्हते. ते खरोखर विचार करत होते. "बरं," ते हळूच म्हणाले, "तुमच्या कानात सांगून टाकतो. औषध तुमचं तुम्ही बाजारातून घ्या." ते वाकले, आणि तसेच थबकले. पडदा वाऱ्याने बाजूला झाला होता आणि काळं पिंप त्यांच्याकडे तोंड करून बसलं होतं.

"तुमच्या डोक्यावर पदर नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्यासमोर मी तुमच्याशी असा कसा बोलू?"

ती मामंजींना परत घेऊन गेली. उतार होता, तरी गाडी जड लागली.

पुढे लढाई संपली. काचांवरचे कागद काढले, पण काचा काळ्याच राहिल्या. देवस्थळींची नोकरी त्याच कारखान्यात पुरी झाली. माहिती देऊन झाली नव्हती म्हणून निवृत्त झाल्यावरही ते दर गुरुवारी येत. बोलता बोलता ते नावापाशी अडखळू लागले, आणि मग ओठ हलवल्यावर त्यांना स्वतःलाही ते ऐकू येईना. शेवटची काही वर्षं ते डोंबिवलीला मुलाकडे होते. चहा आणून ठेवला की सुनेला विचारायचे, "यात काय आहे?" आणि उत्तर येईपर्यंत कपाला हात लावायचे नाहीत.

हौसाबाई एकदम गेली नाही. हात, मग गळा, मग कपाळावरचं कुंकू. कराडकडे तिच्या गावी अजून तिचा आवाज आहे. तिच्या सुना त्या आवाजासमोर बसत नाहीत.

तान्हीला मामंजींनी उजवलं. कन्यादानाला पिंप पाटावर होतं आणि हिराजीने त्याच्या वतीने पाणी सोडलं. सासरी तिचं नाव बदललं, आणि पाळण्यातल्या नावामागे लागलेलं बापाचं नावही त्याबरोबर गेलं. पहिल्या माहेरपणाला ती आली तेव्हा द्वारकाने तिला पुन्हा विचारलं. ती खूप रडली. "वहिनी, आता आठवतच नाही गं," म्हणाली, आणि ते खरं होतं.

डॉक्टर सामंत परगावी गेले. हिराजीच्या छातीवर दुसरं कडं उमटलं, मग तिसरं. त्याचं बोलणं हळूहळू नुसतं टिक वाजण्यावर आलं. एका श्रावणात तो बसल्या जागी गेला.

कारखाना बंद पडला तेव्हा यंत्रं गेली, पत्रे गेले, मामंजींना मात्र कुणी नेईना. म्हातारपणी कुठे जातील? द्वारका त्यांना घरी घेऊन आली. तिने त्यांचं सगळं केलं. डावा हात तोवर खांद्यापर्यंत गेला होता आणि उजवाही जायला लागला होता.

गेल्या महिन्यात, द्वारकाचा उजवा हातही पुरता दिसेनासा झाल्यावर, मामंजी गळू लागले. तळाशी गंज, लोखंडी कडी सैल, अंगणभर केळ्यांचा वास. शेजारणी म्हणाल्या, आता काही तासांचंच आहे. झाकण टिकटिक करत होतं, थांबत होतं, पुन्हा वाजत होतं. सगळ्यांना बाहेर जायला सांगा, सुनेशी बोलायचं आहे, असा त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. बायका अंगणात उतरल्या आणि दारातून आत बघत उभ्या राहिल्या. द्वारका गंगाजळ घेऊन जवळ गेली. झाकण वर उचललं गेलं, आत काळोख दिसला आणि तो काळोख काहीतरी बोलण्यासाठी थोडासा रुंद झाला. त्याच्यावर, हवेत, कुणीही न धरलेली तांब्याची पळी तिरकी होऊन थांबली होती, आणि तिच्या टोकाला आलेला थेंब नावाची वाट बघत खाली पडत नव्हता.